डच आकडे शिकताना मराठीचा आधार घेतलाय का कुणी?

मोगरा

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे आम्ही आम्स्टेलव्हीनला राहायला आलोय आणि मी डचच्या सुरुवातीच्या वर्गाला जाते. शब्द पाठ होताहेत, वाक्यंही जुळायला लागलीत, पण आकड्यांपाशी गाडी अडते. वीसपर्यंत काही प्रश्न नाही. त्यापुढचा आकडा कुणी बोललं की मी आधी मनात त्याचं इंग्रजी करते, मग उलटा फिरवते, तोवर समोरचा माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. वर्गात तुर्की, ब्राझिलियन, युक्रेनियन अशी सगळीकडची माणसं आहेत, त्यामुळे बाई इंग्रजीतूनच सांगतात: 'इथे उलटं बोलतात, एवढं लक्षात ठेवा.' तेवढ्यावर माझं भागत नाही.

मला आकडे मुख्यतः तीन ठिकाणी लागतात. फोन नंबर, वेळ आणि बाजारातल्या किमती. तुम्ही कसे शिकलात? नुसतं पाठांतर, की काही वेगळी वाट आहे? उच्चारही देवनागरीत लिहून दिलेत तर फार मदत होईल.

कालवाकाठ

मोगरा, चांगला धागा काढलात. मी डेल्फ्टला बरीच वर्षं आहे आणि नव्यानं येणाऱ्या मराठी मंडळींना मी एकच सांगतो: मधलं इंग्रजी काढून टाका. डच आकडे उलटे आहेत ते इंग्रजीच्या मानानं. मराठीच्या मानानं ते सरळ आहेत. आपण 'वीस-एक' म्हणत नाही, 'एकवीस' म्हणतो. 'वीस-चार' नाही, 'चोवीस'. एकक आधी, दशक नंतर. डच माणूस हेच करतो, फक्त मध्ये 'आणि' घालतो. त्या 'आणि'चा डच शब्द आकड्यात बोलताना जवळपास 'अन' असाच ऐकू येतो, म्हणजे आपण बोलताना 'तू अन् मी' म्हणतो तसाच. २१ म्हणजे एन-अन-त्विंतख. एक अन् वीस. २४ म्हणजे फीर-अन-त्विंतख. चार अन् वीस.

आता उच्चार. 'ख' लिहिलंय तिथे घसा खरवडून काढायचा ख.

एक ते दहा: एन, त्वे, द्री, फीर, फेइफ, झेस, झेवन, आख्त, नेखन, तीन.

हो, दहाला 'तीन'च म्हणतात. मराठी कानाला पहिले काही आठवडे हा शब्द फार छळतो. बेकरीत 'तीन युरो' ऐकलं की हात आपोआप तीन नाण्यांकडे जातो. त्यासाठी एक करा. 'द्री' हा शब्द इतका घोटा की 'तीन' ऐकल्यावर कान आपोआप म्हणेल, हा द्री नाही, म्हणजे दहा.

अकरा एल्फ, बारा त्वाल्फ. तेरापासून एकोणीसपर्यंत शेवटी 'तीन' येतं, म्हणजे दहा: देर्तीन, फेर्तीन, फेइफ्तीन, झेस्तीन, झेवन्तीन, आख्तीन, नेखन्तीन. दशकांच्या शेवटी 'तख': त्विंतख, देर्तख, फेर्तख, फेइफ्तख, सेस्तख, सेवन्तख, ताख्तख, नेखन्तख. शंभर होंदर्त, हजार दाउझंत.

बघा, साठ आणि सत्तरमध्ये सुरुवातीचा झ जाऊन स येतो: सहा 'झेस' पण साठ 'सेस्तख'. लिहिताना अक्षर तेच असतं, उच्चार बदलतो. ऐंशीला पुढे जादा त लागतो, 'आख्त' पण 'ताख्तख'. एवढे अपवाद सोडले तर नव्व्याण्णवपर्यंत सगळं नियमात बसतं. आपण लहानपणी त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव हे प्रत्येक रूप वेगळं पाठ केलंय. ज्यानं ते केलं त्याला डच आकडे जड जाण्याचं कारण नाही.

चिंचगूळ

कालवाकाठ, तुमचं पटतं, पण एक अडचण मांडते. माझ्यासारखे जे इंग्रजी माध्यमात शिकले त्यांचं काय? मला सदुसष्ट आणि सत्तावन्न यांतला फरक थांबून आठवावा लागतो. घरी अस्सल मराठी बोलतो, पण आकडा आला की इंग्रजीच तोंडात येतो. आमच्या पिढीतल्या पुण्या-मुंबईकडच्या बहुतेकांचं असंच आहे. मग मराठीच्या वाटेनं डचला जायचं म्हणजे आधी मराठी आकडे शिकायचे आणि मग डच. दुप्पट काम.

कालवाकाठ

चिंचगूळ, दुप्पट नाही. तुम्हाला सदुसष्ट म्हणजे किती हे पटकन सांगता येत नसेल, तरी त्यातला पहिला तुकडा सातचा आणि दुसरा साठचा आहे हे कानाला कुठेतरी ठाऊक असतं. लहानपणापासून आजी-आजोबांकडून, रेडिओवरून, दुकानदाराकडून ऐकलेलं असतं. तो क्रम ओळखीचा आहे, आणि तुर्की किंवा ब्राझिलियन माणसाकडे तो नसतो. दोन्ही शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणा: सदुसष्ट, झेवन-अन-सेस्तख. शहात्तर, झेस-अन-सेवन्तख. पंचेचाळीस, फेइफ-अन-फेर्तख. चोपन्न, फीर-अन-फेइफ्तख. डच रूपात सगळे तुकडे सुटे दिसतात, त्यामुळे मराठी रूपही उलगडत जातं.

आयंटहोवनची_आई

यावर मला बोलायचंच आहे, कारण आमच्या घरात नेमकं हेच घडलं. मुलगी इथल्या शाळेत चौथ्या गटात आहे (भारतातली साधारण दुसरी). तिला मराठी आकडे येतच नव्हते. मी कंटाळून नाद सोडला होता. शाळेत डच आकडे पक्के झाल्यावर एकदा आजीशी फोनवर बोलताना आजी म्हणाली, 'मला आता बाहत्तर पूर्ण झाली.' मुलगी मला विचारते, 'बा म्हणजे त्वे आणि हत्तर म्हणजे सेवन्तख का?' त्यानंतर आजी आणि ती रोज एक दशक घेऊन बसतात. आजी मराठीत म्हणते, ती डचमध्ये.

म्हणून चिंचगूळ, वाट दोन्ही बाजूंनी चालते. परदेशात मुलांचे मराठी आकडे जातात याचं दुःख आपण सगळेच करतो. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना तरी ते परत मिळवायची चांगली संधी आहे असं मला मनापासून वाटतं.

पाढ्यांबद्दलही सांगते. इथे साधारणपणे चौथ्या गटात एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे सुरू होतात आणि बाकीचे पाचव्या गटात. पण म्हणायची पद्धत वेगळी. आपण 'सात एके सात, सात दुणे चौदा' म्हणतो, म्हणजे ज्याचा पाढा तो आकडा आधी. इथे 'त्वे केर झेवन इस फेर्तीन', म्हणजे दोन वेळा सात. मुलांना घरी मराठी पाढे शिकवणार असाल तर हा फरक आधी समजावून सांगा, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते.

दख्खनी

वाचतोय. एक सावधगिरी: मराठीची वाट सगळीकडे चालत नाही. २९, ३९, ४९ ... ७९, ८९ इथे आपण 'एकोण' लावतो. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. डचमध्ये असं काही नाही, २९ सरळ नेखन-अन-त्विंतख, नऊ अन् वीस. त्यामुळे मराठीतून विचार करणारा माणूस २९ च्या वेळी तिसाकडे, देर्तखकडे ओढला जातो. हे नऊचे आकडे वेगळे काढून घोटा. आपल्याकडे फक्त नव्व्याण्णव डचसारखा, नऊ आणि नव्वद.

तिठा

अनुमोदन. याच निमित्तानं आठवलं, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली होती तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. जोडाक्षरांचे अवघड शब्द आणि बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम यांमुळे मुलं गणिताला घाबरतात, अशी डॉ. मंगला नारळीकर आणि गणित समितीची भूमिका होती. मला ती तेव्हाही विचार करण्यासारखी वाटली होती. 'भाषा बुडाली' म्हणून ओरडणाऱ्यांनी मुलांची अडचण नीट ऐकून घेतली नाही.

कालवाकाठ

तिठा, नॉर्वेनं तर हे देशभर केलं. तिथेही पूर्वी डचसारखंच 'एक अन् वीस' म्हणायचे. टेलिफोनवर आकडे सांगताना घोळ होतात म्हणून दूरध्वनी खात्याकडून मागणी आली, संसदेनं निर्णय घेतला आणि १९५१ च्या जुलैपासून 'वीस-एक' हे अधिकृत झालं. तरी जुना क्रम बोलण्यातून पुरता गेला नाही, आजही तो तिथे ऐकू येतो. अडचण खरी आहे हे मीही मानतो. पण माझं मत असं की मुलांना दोन्ही येऊ द्यावं. एकवीस, बावीस हे शब्द गेले तर सोबत बाजारातली, गाण्यातली, म्हणींतली भाषाही कळेनाशी होते.

यावर वेगळा धागा काढूया, नाहीतर मोगरा यांचा प्रश्न बाजूला पडेल. वेळेबद्दल कुणी लिहा ना. पाढेकाका, आहात का?

पाढेकाका

आहे, आहे. सगळं वाचत होतो. मी साताऱ्याकडे शाळेत गणित शिकवायचो, आता निवृत्त आहे. मुलगा-सून हिल्व्हरसमला असतात, त्यांच्याकडे येणं-जाणं असतं. वेळेच्या बाबतीत मोगराताईंना एक गंमतशीर आणि फार उपयोगाची गोष्ट सांगतो.

डचमध्ये 'हाल्फ द्री' म्हणजे अर्धा तीन. इंग्रजी सवयीनं ते साडेतीन वाटतं. ते आहे अडीच! तिसरा तास अर्धा झाला, असा त्याचा अर्थ. सगळे परदेशी इथे चक्रावतात. आता आपला 'अडीच' शब्द घ्या. तो आला संस्कृत 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे असे. हाल्फ द्री आणि अर्धतृतीय, अक्षरशः एकच विचार!

आणखी पुढे या. आमच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. संतांच्या वाङ्मयात देहाला 'औट हात' म्हटलंय तेही साडेतीन हात. हा औट आला 'अर्धचतुर्थ'वरून, चौथा अर्धा. आणि डचमध्ये साडेतीन वाजले की म्हणतात 'हाल्फ फीर', अर्धा चार. दीडचंही तसंच. त्याचं मूळ 'दुसरा अर्धा' असं आहे, आणि डचमध्ये दीडला स्वतंत्र शब्द आहे 'आंदरहाल्फ'. त्यातल्या 'आंदर'चा जुना अर्थ दुसरा. दीड तास म्हणजे 'आंदरहाल्फ ऊर'. इंग्रजीत दीडला असा एक शब्द नाही, डचमध्ये आहे. डचमध्ये पूर्वी अडीचसाठी 'देर्दहाल्फ' असाही शब्द होता, तो आता बोलण्यातून गेला.

आता सगळं घड्याळ. तीन वाजले 'द्री ऊर'. सव्वातीन 'क्वार्त ओवर द्री'. साडेतीन 'हाल्फ फीर'. पावणेचार 'क्वार्त फोर फीर'. आपण पावणेचार म्हणताना येणाऱ्या चाराचं नाव घेतो, अजून चार वाजलेले नसतानाही. डच माणूस हे अर्ध्या तासापासूनच सुरू करतो. त्यामुळे 'साडे' हा शब्द डच वेळेसाठी मनातून काढून टाकायचा आणि पावणेच्या धर्तीवर विचार करायचा.

पुढची पायरी थोडी अवघड. तीन वीस म्हणजे 'तीन फोर हाल्फ फीर', साडेतीनला दहा कमी. तीन पंचवीस 'फेइफ फोर हाल्फ फीर'. तीन पस्तीस 'फेइफ ओवर हाल्फ फीर'. म्हणजे अर्ध्याच्या आसपासची मिनिटं अर्ध्यापासून मोजायची. 'फोर' म्हणजे आधी आणि 'फीर' म्हणजे चार, हे दोन्ही एकाच वाक्यात येतात, तिकडे कान द्या.

मोगरा

काका, हे वाचून मी उठून घड्याळासमोरच उभी राहिले! अडीच आणि औट यांचं मूळ कधीच ठाऊक नव्हतं. मनापासून आभार. दवाखान्यात भेटीची वेळ फोनवर सांगतात तेव्हा नेमकं हे लागतं.

दख्खनी

दवाखान्याच्या वेळेसाठी एक सूचना. लिहिताना इथे चोवीस तासांचं घड्याळ, १४.३० असं, आणि बोलताना बारा तासांचं. फोनवर 'हाल्फ द्री' ऐकलंत की लगेच आकड्यात खात्री करून घ्या: 'फेर्तीन ऊर देर्तख?' म्हणजे चौदा तीस का? कुणी वाईट मानत नाही. आणि औषधाच्या चिठ्ठीवर किंवा बोलण्यात 'ओम द दाख' आलं तर ते रोज नव्हे, दिवसाआड.

बाजारबट्टू

किमतींचं मी लिहितो. द हेगच्या मोठ्या बाजारात दर शनिवारी जातो, भाजी, मासे, चीज सगळं तिथूनच.

आधी लिहिण्याची रीत: इथे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम आणि हजाराच्या जागी टिंब. २,५० म्हणजे अडीच युरो. १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास, सव्वा नव्हे. बँकेचा कागद, घरभाड्याचा करार, पगाराची पावती, सगळीकडे हीच पद्धत. आपण १,२५,००० असं लाखानं तोडतो, ते इथे १२५.००० होईल.

बोलताना २,५० ला 'त्वे फेइफ्तख' एवढंच म्हणतात, 'युरो' शब्द मध्ये येईलच असं नाही. रोख पैसे दिलेत तर एकूण बेरीज जवळच्या पाच सेंटवर आणतात, २००४ च्या सप्टेंबरपासून ही पद्धत आहे. एक आणि दोन सेंटची नाणी त्यामुळे हाती फारशी येत नाहीत. कार्डानं दिलेत तर पैसा न् पैसा अचूक कापला जातो. दहाच्या नोटेला 'तींत्ये' आणि दहा सेंटला 'दुबल्त्ये' म्हणतात.

वजन: चीजवाल्याकडे, खाटकाकडे ग्रॅम कमी ऐकाल. 'ओन्स' म्हणजे शंभर ग्रॅम आणि 'पोंत' म्हणजे अर्धा किलो. इंग्रजी औंस आणि पाउंड मनातून काढा, ती वजनं वेगळी. 'आंदरहाल्फ ओन्स' म्हणजे दीडशे ग्रॅम. पावशेर मागायचं असेल तर 'हाल्फ पोंत' म्हणा, अडीचशे ग्रॅम मिळेल.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इथे एक लाखाला स्वतंत्र शब्द आहे. 'तोन'. घरांच्या किमतींबद्दल बोलताना सर्रास वापरतात: 'फीर तोन' म्हणजे चार लाख युरो, 'आंदरहाल्व तोन' म्हणजे दीड लाख. इंग्रजीत हा आकडा शेकडो हजारांत सांगावा लागतो. आपण आणि डच मात्र थेट लाखात बोलतो. घर बघायला जाणाऱ्या मराठी माणसानं हा एक शब्द पक्का केला तर अर्धं काम झालं.

त्यापुढे दहा लाख 'मिल्यून', अब्ज 'मिल्यार्त'. 'बिल्यून' ऐकलं तर थांबा. तो इंग्रजी बिलियन नाही, त्याच्या हजारपट, म्हणजे लाख कोटी. बातम्या वाचताना हे लागतं.

पाढेकाका

बाजारबट्टू, शंभराच्या पुढचंही सांगून टाका ना. ते तर अगदी आपलं आहे. अकराशे, बाराशे, पंधराशे असं आपण म्हणतो तसंच इथे: एल्फहोंदर्त, त्वाल्फहोंदर्त, फेइफ्तीनहोंदर्त. बाविसशेला 'त्वे-अन-त्विंतख-होंदर्त'. हजारापाशी मात्र दोघंही दहाशे म्हणत नाही. आणि ३६५ घ्या: तीनशे पासष्ट, द्री-होंदर्त-फेइफ-अन-सेस्तख. शेकडा आधी, मग एकक, मग दशक. क्रमात कानामात्रेचाही फरक नाही. साल वाचतानाही १९६५ म्हणजे एकोणीसशे पासष्ट, 'नेखन्तीन-होंदर्त-फेइफ-अन-सेस्तख', बोलताना मधला होंदर्त गाळतात.

गेंटकर

बेल्जियमकडून हजेरी. फ्लँडर्समध्ये आकडे हेच, पण उच्चार मऊ. तुम्ही ज्याला घसा खरवडणारा ख म्हणता तो इथे हलका असतो, आणि चार-पाचच्या सुरुवातीला फ ऐवजी व्ह जास्त ऐकू येतो: व्हीर, व्हेइफ. नेदरलँड्समध्ये शिकून इकडे येणाऱ्यांनी कान थोडे बदलून घ्यावेत.

सरावासाठी माझी आवडती गोष्ट सांगतो: सायकलचे क्नोपपुंत. दोन्ही देशांत सायकलच्या वाटांवर चौकाचौकात आकड्यांच्या पाट्या असतात, ही पद्धत मूळची बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतातली, १९९५ ची. रस्त्यांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही, '३४ वरून ५७ ला, तिथून १२ ला' असं मनाशी ठरवून निघायचं. प्रत्येक पाटीवरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. दोन आकडी संख्या इतक्या सहज दुसरीकडे कुठे घोटून होत नाहीत. मुलांना बरोबर घेतलंत तर तीही मोठ्या उत्साहानं म्हणतात.

चिंचगूळ

गेंटकर, ही कल्पना फार आवडली. माझ्या ऑफिसात आठवड्यांचे आकडे चालतात, तोही चांगला सराव होतो. इथे कुणी 'ऑक्टोबरच्या शेवटी' म्हणत नाही, 'त्रेचाळिसाव्या आठवड्यात' म्हणतात: 'वेक द्री-अन-फेर्तख'. मी आता दिनदर्शिकेवर मराठी आकडे लिहून ठेवलेत. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. कालवाकाठ, तुमचं ऐकलं बरं का.

फोन नंबरचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही.

कालवाकाठ

फोनचं सांगतो, ते खरंच सगळ्यांत कठीण आहे आणि तिथे मराठीही पूर्ण सोडवत नाही.

मोबाइल नंबर 'नुल झेस'नं सुरू होतो, पुढे आठ आकडे. ते बरेचदा जोड्यांनी सांगतात. समोरचा 'फीर-अन-देर्तख' म्हणाला की 'फीर' ऐकताच ४ लिहून टाकायचा मोह होतो. हात रोखा. मराठीत चौतीस ऐकल्यावर आपण पूर्ण शब्द संपेपर्यंत थांबतो, मग ३ आणि ४ लिहितो. तसंच इथेही जोडी संपेपर्यंत थांबा. फारच वेगानं बोलत असतील तर 'साइफर फोर साइफर' म्हणा, एकेक आकडा सांगा असा अर्थ. लगेच सुटे आकडे मिळतात.

फोनवर सात आणि नऊ सारखे ऐकू येतात, झेवन आणि नेखन. म्हणून काही जण सातला मुद्दाम 'झ्योवन' असं ओठ गोल करून म्हणतात. पाठ्यपुस्तकात हे सापडत नाही, पण ऐकाल तेव्हा गोंधळू नका. तेरा आणि तीसही तसेच, देर्तीन आणि देर्तख. दोन्हींत जोर सुरुवातीलाच, त्यामुळे शेवट ऐकायचा: घसा खरवडला तर दशक.

पिनकोडही जोडीनं वाचतात. चार आकडे आणि दोन अक्षरं असतात. १०१२ असेल तर 'तीन त्वाल्फ', दहा बारा. इथेही तो 'तीन' आहेच.

आयंटहोवनची_आई

अजून दोन-तीन गोष्टी, घरगुती वापरातल्या. आपण 'आम्ही चौघं' म्हणतो ना, तसं डचमध्ये 'मेत झन फीरन'. हॉटेलात किती जण विचारलं तर हेच सांगायचं. दोघं 'मेत झन त्वेअन', तिघं 'मेत झन द्रीअन'. 'पाचेक', 'विसेक' यांनाही सोय आहे: 'अन स्तुक ऑफ फेइफ' म्हणजे पाचेक नग, 'अन यार ऑफ त्विंतख' म्हणजे विसेक वर्षं. शेजारणीशी बोलताना हे वापरलं की तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. आणि पंधरवड्याला ते 'फेर्तीन दाखन' म्हणतात, चौदा दिवस. आपले पंधरा, त्यांचे चौदा.

मोगरा

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, मी वहीत उतरवून घेतेय. दोन शंका राहिल्यात. २२ अक्षरी लिहिताना एका अक्षरावर दोन टिंबं देतात, ती कुठे आणि का? आणि घरमालकाच्या पत्रात भाडं '१.४७५,-' असं लिहिलंय. शेवटी स्वल्पविराम आणि आडवी रेघ कशासाठी?

पाढेकाका

टिंबांचं मी सांगतो. 'त्वे' आणि 'अन' जोडून एकच शब्द लिहितात, तेव्हा रोमन 'ई' हे अक्षर तीनदा लागोपाठ येतं. वाचणाऱ्याला कळावं की नवा उच्चार कुठून सुरू होतो, म्हणून तिसऱ्यावर दोन टिंबं. हे फक्त दोन आणि तीन या आकड्यांच्या बाबतीत होतं, कारण तेच दोन शब्द 'ई' अक्षरावर संपतात. २२, २३, ३२, ३३ असे सगळे त्यात आले. बाकीच्यांना टिंबं नाहीत.

बाजारबट्टू

आणि रेघेचा अर्थ: सेंट काही नाहीत, रक्कम पूर्ण. टिंब हजाराचं. त्यामुळे तुमचं भाडं फेर्तीन-होंदर्त-फेइफ-अन-सेवन्तख युरो. चौदाशे पंच्याहत्तर.